तडा गेलेल्या ठशाचं पदक

९ जानेवारी २००६, सोमवार

दुकानाचे मालक हेर लेर्ख (हेर म्हणजे इथे श्रीयुत) म्हणाले, दुकानात जी जी वस्तू हातात येईल तिची नोंद रोज करायची. त्यासाठी त्यांनी एक जाड वही दिली आहे, तिच्यात जर्मनमध्ये लिहायचं. ही दुसरी वही मी स्वतःसाठी आणली. जर्मनमध्ये मला कथिल, चांदी, लोखंड आता लिहिता येतं, पण भीती वाटली तर ती कशी लिहायची ते अजून येत नाही.

काम कसं मिळालं ते लिहून ठेवतो. ऊर्मिलाला इथल्या विद्यापीठात पीएच.डी.ला प्रवेश मिळाला, तिच्यामागोमाग मी जर्मनीत एर्लांगेनला आलो. वर्षभर घरी पोळ्या केल्या आणि सायकल पुसली. मग कामाचा परवाना आला. डिसेंबरात हेर लेर्ख यांच्या नाण्यांच्या आणि पदकांच्या दुकानात तिची तुटलेली साखळी घेऊन गेलो. ते म्हणाले, इथे दुरुस्ती होत नाही. मी म्हटलं, मला फक्त गॅस आणि डाख द्या, मीच करतो. आमच्या हुपरीत घरोघर चांदीचं काम. वडिलांनी जन्मभर पैंजण घडवले. मी डिप्लोमा दुसऱ्या वर्षाला सोडून त्यांच्याच शेजारी बसलो होतो. साखळी जोडली. मग त्यांनी एका पदकाची तुटकी कडी पुढे केली, तीही जोडली. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला आणि विचारलं, “कुठे तुटली होती?”

मी दाखवलं. ते म्हणाले, “सोमवारी दहा वाजता या.”

ऊर्मिलाच्या नावातला ऊ दीर्घ आहे. लग्नपत्रिकेत ऱ्हस्व छापला होता, तेव्हा दोनशे पत्रिका मी पेनने दुरुस्त केल्या होत्या. ती अजून हसते.

१७ जानेवारी, मंगळवार

आठवडाभर बारीक गोल कागदी चिकट्या कापल्या. दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांवर मधोमध नाझींचं चिन्ह असतं आणि ते उघड्यावर मांडायला इथे कायद्याने बंदी आहे. म्हणून काचेच्या कपाटातल्या प्रत्येक पदकावर एकेक चिकटी. आमच्या घरी आईने दिलेल्या चांदीच्या तबकावर स्वस्तिक आहे. पाहुणे आले की ऊर्मिला ते कपाटात ठेवते. पूर्वी मला त्याचा राग यायचा, आता चिकट्या कापून कापून येत नाही.

आज दुर्मीळतेबद्दल शिकवलं. लोहक्रॉस या शौर्यपदकाचा दुसरा वर्ग लाखालाखांनी वाटला, तेव्हा तो खोटा बनवायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. गळ्यात बांधायचा मोठा क्रॉस, ज्याला ते रिटरक्रॉइत्झ म्हणतात, तो सात हजारांच्या आसपासच लोकांना मिळाला. “आणि गंमत अशी,” हेर लेर्ख म्हणाले, “की साठ वर्षांत मला त्यातले निदान नऊ हजार विकायला आलेले दिसले.”

मी हसलो नाही. मला वाटलं, आकडा पाठ करायचा आहे. वहीत लिहून घेतला. त्यांना कळलं तेव्हा तेच हसत सुटले.

२ फेब्रुवारी, गुरुवार

आज उंच बुटांचा एक माणूस आला. पदकांपुढे ताठ उभा राहून म्हणाला, तेव्हाची माणसं काय माणसं होती! हेर लेर्ख काउंटरमागून म्हणाले, “अस्सं, माझा भाऊ होता त्यांत. अठरा वर्षांचा. त्याचा क्रॉस आईला टपालाने आला, तिने तो चुलीत टाकला. तुम्हाला काय पाहिजे?” माणूस म्हणाला, एखादी चांगली वस्तू. “तुमच्यासाठी काही नाही,” ते म्हणाले आणि मला दार उघडायला सांगितलं. मी उघडलं.

नंतर म्हणाले, चुलीतल्या राखेतून तो क्रॉस त्यांनीच काढला, पंधरा वर्षांचे असताना. मधला लोखंडाचा पत्रा गंजला, चांदीची चौकट तशीच राहिली. “दोन धातू कसे जोडले आहेत ते बघायला मी तो उघडला. तेव्हापासून बघतोय. माणसाचा निवाडा दुसरे लोक करतात. मी धातूचा करतो.”

एक गोष्ट मला खटकते. माझ्याशी बोलताना ते माझ्या चेहऱ्याकडे बघत नाहीत, उजव्या कानाकडे बघतात. बहुधा माझं काम पसंत नाही आणि तोंडावर सांगायचा संकोच वाटतो.

११ फेब्रुवारी, शनिवार

अण्णांचा फोन. अण्णा म्हणजे माझे सासरे, कॉलेजात प्रबंधक होते.

“काय जावईबापू, मिलिटरीत गेलात म्हणे!”

“नाही अण्णा, मिलिटरीच्या पदकांच्या दुकानात आहे.”

“म्हणजे भंगारच की पण बिल्ल्यांचं. अहो, बाहेरून तेवढा डिप्लोमा पुरा करा. आमची लेक डॉक्टर व्हायची, तुम्ही निदान डिप्लोमावाले तरी व्हा.”

ऊर्मिलाने फोन हिसकावला. “अण्णा, तो तिथे हरलेल्या लोकांची बक्षिसं खरी का खोटी ते ठरवतो. तुमच्या कॉलेजात कोणाला जमलं असतं का?”

ती माझी बाजू घेते तेव्हा मला जास्त वाईट वाटतं. बाजू घ्यावी लागते म्हणून. तिच्या लॅबमधल्या लोकांना तिने मी काय करतो ते सांगितलं असेल, असं वाटत नाही.

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

हेर लेर्ख रोज माझी परीक्षा घेतात. पदक हातात घेतात, तोलतात, कडेवरून नख फिरवतात, लोहचुंबक लावतात, मग माझ्याकडे सरकवतात. “भिंगाखाली धरा. काय दिसतं?” मी सांगतो. बरोबर की चूक, ते कधीच सांगत नाहीत. फक्त “या, या, पुढे” म्हणतात, म्हणजे हो, हो, पुढे. आज मी एक क्रॉस ओतीव ठरवला. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते. साच्यात धातू ओतताना हवा अडकली की असे पडतात. ठशाखाली दाबलेल्या नगावर ते येत नाहीत. ते म्हणाले, “किती?” मी मोजले, एकवीस. ते म्हणाले, “एकवीस,” आणि गिऱ्हाइकाला सांगितलं, “खोटा आहे. एकवीस खड्डे.” पुन्हा तपासून बघितलंसुद्धा नाही! मी घरी येईपर्यंत घाबरलेला. बावीस असते तर?

आलेली पत्रंही मलाच वाचायला लावतात. माझे उच्चार सुधारावेत म्हणून. कॉफी मात्र स्वतःच ओततात, कपाच्या काठावर बोट ठेवून. आज बोट चुकलं, टेबलावर सांडली, आणि माझ्यावरच खेकसले की कप इकडे कोणी सरकवला. मी सरकवला नव्हता. तरी “माफ करा” म्हटलं.

१४ मार्च, मंगळवार

आज फ्राउ डॉर्श, म्हणजे डॉर्शबाई, आल्या. ऐंशीच्या पुढच्या, कोपऱ्यावरच्या गल्लीत एकट्या राहतात, हेर लेर्ख यांच्यासाठी दर महिन्याला केक आणतात. त्यांच्या नवऱ्याचा रिटरक्रॉइत्झ आहे. १९४१ साली मिळाला, सोबत कागदही आहे. भाच्याच्या आग्रहाने तो म्युनिकच्या एका लिलावात जायचा आहे. हेर लेर्ख यांनीच ऑक्टोबर २००४ मध्ये त्याला प्रमाणपत्र दिलं होतं, अस्सल आणि काळाशी जुळणारा. लिलाववाल्यांना तेच प्रमाणपत्र नव्या तारखेचं हवं आहे. “नुसता टाइप करून ठेवा, शुक्रवारी नाहीतर सोमवारी सही करू,” ते मला म्हणाले.

सवयीने भिंगाखाली धरला. धरायला नको होता.

१५ मार्च, बुधवार

वडिलांकडे घुंगरांच्या पट्टीचा एक ठसा होता. तो एका बाजूला तडकला. ठसा तडकला की त्या तड्यात चांदी शिरते आणि पुढच्या प्रत्येक नगावर केसासारखी रेघ उठून येते. तडा वाढत जातो, तशी रेघही वाढते. रेघ बघून वडील सांगायचे, हा पैंजण दिवाळीआधीचा, हा नंतरचा. कोरलेली रेघ वेगळी, ती खोल असते. ही उंच असते.

फ्राउ डॉर्श यांच्या क्रॉसच्या चौकटीवर अशा तीन रेघा आहेत. दुकानात फोटोंचं खोकं आहे, त्यात याच ठशाच्या बारा नगांचे फोटो आहेत, वर्षांसकट. १९४१च्या एकावरही रेघ नाही. १९४४च्या दोन नगांवर एक आहे. तीन कोणावरच नाहीत. म्हणजे हा युद्ध संपल्यावर त्याच जुन्या ठशातून काढलेला आहे. तसे काढले गेले, हे हेर लेर्ख यांनीच मला शिकवलं. चांदी बरोबर, मागे ८०० हा चांदीचा आकडा बरोबर, वजन बरोबर, लोखंड चुंबकाला चिकटतं. हाताला सगळं बरोबर. फक्त डोळ्याला चूक.

चाळीस वर्षं लोक त्यांच्या एका सहीवर विश्वास ठेवत आले. त्यांना भिंगाखाली एवढी ठळक दिसणारी रेघ कशी दिसली नाही? की हीसुद्धा माझी परीक्षाच आहे? सांगितलं आणि मी चुकीचा ठरलो तर गेलो. सांगितलं आणि बरोबर ठरलो तर ते गेले. म्युनिकच्या तज्ज्ञाला रेघा दिसल्याशिवाय राहणार नाहीत, मग त्यांचं नाव सगळीकडे होईल. आणि न सांगता मीच ते प्रमाणपत्र टाइप करायचं?

ऊर्मिलाने विचारलं, जेवत का नाहीस. पोट बिघडलं म्हणालो.

१८ मार्च, शनिवार

ऊर्मिला आज अचानक दुकानात आली. “बघू तरी तुझा बिल्ल्यांचा कारखाना.” मी तिला हेर लेर्ख यांच्यापुढे नेलं. ते उभे राहिले, हात पुढे केला, तिच्या खांद्याच्या रोखाने बघत म्हणाले, “फ्राउ डॉक्टर.” ती म्हणाली, अजून व्हायची आहे. ते म्हणाले, तुमचा नवरा म्हणतो होणारच, आणि तो कशाचीच खात्री देत नाही, म्हणून मी आत्ताच म्हणतो. मग दोघांची गट्टी जमली. तिने त्यांना चहा करून दिला आणि कप थेट त्यांच्या हातात दिला, टेबलावर ठेवला नाही. मला ते जरा सलगीचं वाटलं.

सायकलवरून परत येताना ती पुढे होती. पुलावर थांबली.

“शिरीष, त्यांना दिसत नाही.”

“कोणाला?”

“अरे कोणाला काय! मी रोज दिवसभर डोळ्यांच्या पडद्याचे फोटो बघते. त्यांचं मधलं गेलंय. कडेचं तेवढं दिसतं. समोर बघितलं की समोरचं पुसलं जातं.”

“पण ते माझ्या कानाकडे बघतात...”

“कानाकडे बघितलं की तुझा चेहरा दिसतो त्यांना. ते तुलाच बघतायत, वेड्या.”

मी सायकल कठड्याला टेकवली. सगळं एकदम आठवायला लागलं. पत्रं, कॉफी, एकवीस खड्डे. अडीच महिने मी परीक्षा देतोय असं समजत होतो. मग तिला क्रॉसचंही सांगितलं. तिने माझा हात धरून ठेवला आणि सल्ला काहीच दिला नाही. मी विचारलं, काय करू? ती म्हणाली, “ते तुला विचारतात ना, काय दिसतं? मग सांग.”

२० मार्च, सोमवार

प्रमाणपत्र टाइप केलं नव्हतं. कागद कोरा ठेवून त्यांच्यापुढे बसलो. क्रॉस टेबलावर ठेवला.

“झालं टाइप?”

“नाही.”

त्यांनी हात पुढे केला. क्रॉस हातात घेतला. “वजन?”

“बरोबर.”

“चुंबक?”

“ओढतो.”

“मग?”

“चौकटीवर तीन रेघा आहेत. उठलेल्या. खोल नाहीत.”

“ठशाचा तडा.”

“हो. खोक्यातल्या बाराही फोटोंशी ताडून बघितलं. १९४१मध्ये हा ठसा तडकलेला नव्हता.”

त्यांनी नख फिरवलं. पुन्हा फिरवलं. रेघ इतकी बारीक आहे की नखाला लागत नाही, मीही घरी पैंजणावर करून बघितलं होतं. ते मान खाली घालून फिरवतच राहिले. मला ते बघवेना, मी खिडकीकडे बघत बसलो.

“कधीपासून माहीत आहे तुम्हाला?”

“मंगळवारपासून.”

“हे नाही. दुसरं.”

खोटं बोलावंसं वाटलं. “शनिवारपासून.”

“बायकोने सांगितलं.”

“हो.”

“गेनाऊ, बरोबर. मला वाटलं होतं तुम्ही पहिल्याच आठवड्यात ओळखाल. पण तुम्ही आपण कुठे चुकतोय ते शोधण्यात इतके गढलेले असता, की समोरचा म्हातारा भिंतीला धडकला तरी तुम्हीच माफी मागता.”

मी म्हटलं, “माफ करा.” ते हसले. मग हसणं थांबलं आणि त्यांनी रुमालाने डोळे पुसले. मला बरं वाटावं म्हणून हसले असावेत.

दुपारी म्हणाले, आज दुकान बंद. मी समजलो. तज्ज्ञच नाही तर हाताखालचा माणूस कशाला? टेबल पुसलं, भिंग डबीत ठेवलं, माझा डबा घेतला. त्यांनी दारात विचारलं, “उद्या दहाला याल ना?” मी हो म्हटलं. बहुधा हिशेब मिटवायचा असेल.

२१ मार्च, मंगळवार

हिशेब मिटवायचा नव्हता. त्यांनी सगळ्या प्रमाणपत्रांच्या प्रती काढायला लावल्या. २००३च्या उन्हाळ्यापासून डोळे अधू व्हायला लागले, त्यानंतर एकट्याने दिलेली अडतीस. प्रत्येकाला पत्र लिहायचं, की वस्तू घेऊन या, पुन्हा तपासू, जे निघेल ते लेखी देऊ.

मी मसुदा केला, “काही तांत्रिक कारणांमुळे.” त्यांना वाचून दाखवला.

“तांत्रिक काय? मशीन बिघडलं का?”

“नाही, पण...”

“डोळे लिहा. माझे डोळे गेले आणि मी ते लपवलं, असं लिहा.”

“लपवलं लिहू?”

“स्पेलिंग येत नसेल तर शब्दकोश आहे.”

स्पेलिंग येत होतं. अडतीस वेळा लिहिलं. एकदाही चूक झाली नाही, आणि एकदाही सोपं गेलं नाही. सही ते स्वतः करत होते. मी कागदाखाली पट्टी धरायचो आणि ते पट्टीच्या कडेने लिहायचे.

२७ मार्च, सोमवार

दोन फोन आले. एका गिऱ्हाइकाने फार वाईट बोलून घेतलं. हेर लेर्ख पूर्ण ऐकून घेत होते आणि मधूनमधून “तुमचं बरोबर आहे” म्हणत होते. दुसरा फोन एका डॉक्टरांचा, त्यांनी फक्त तब्येत विचारली. समोरच्या बेकरीवाल्या बाई ब्रेड घेऊन आल्या आणि सोबत आणलेला कॉफीचा कप थेट त्यांच्या हातात दिला, ऊर्मिलासारखाच. तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्या पहिल्यापासूनच तसा देतात.

ऊर्मिलाची प्राध्यापक बाई हेर लेर्ख यांना तपासायला तयार आहे. मी विचारलं, तिला काय सांगितलंस? “माझ्या नवऱ्याचे गुरू आहेत म्हणून सांगितलं. ती म्हणाली, अच्छा, तो एकवीस खड्ड्यांवाला नवरा!” म्हणजे लॅबमध्ये सगळ्यांना माहीत आहे. कधीपासून, ते मी विचारलं नाही.

३ एप्रिल, सोमवार

फ्राउ डॉर्श आल्या. केकसकट. मी रात्रंदिवस ज्या वाक्याची तयारी केली होती ते हेर लेर्ख यांनी मला बोलूच दिलं नाही, स्वतः बोलले. “एल्फ्रीडं, मी तुला चुकीचं लिहून दिलं. हा ओट्टोला मिळालेला क्रॉस नाही. युद्धानंतरचा आहे. याने ओळखलं.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हो, मला माहीत आहे.”

त्यांनी केक काउंटरवर ठेवला.

“खरा एका अमेरिकन सैनिकाने काढून घेतला, पंचेचाळीस साली. हा ओट्टोने त्रेपन्नमध्ये ओळखीतून मिळवला. सैन्यातल्या जुन्या मित्रांत बसायला काहीतरी हवं होतं ना गळ्यात.”

“मग मला सांगितलं का नाहीस?” हेर लेर्ख जवळजवळ ओरडलेच.

“कशी सांगणार, आल्ब्रेख्ट? तू तो इतका वेळ हातात धरून बसलास. उलटा धरला होतास. आणि इतक्या आनंदाने ‘अस्सल’ म्हणालास. मी घरी जाऊन रडले, पण तुला नाही सांगितलं. गल्लीत कोणीच सांगणार नव्हतं तुला. आम्हाला वाटलं, हा मुलगा ठेवलायस तर सगळं ठीक चाललं असेल.”

हेर लेर्ख माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “या मुलाला मात्र कोणीच सांगितलं नव्हतं.”

“म्हणूनच बरं झालं,” त्या म्हणाल्या.

लिलाव रद्द. भाच्याला त्या स्वतः सांगणार आहेत. पण खरं काय ते लेखी हवं, असा त्यांचा आग्रह. मी काउंटरवरच लिहायला बसलो. धातू, वजन, मागचे आकडे, तीन रेघा, अंदाजे काळ. शेवटचा रकाना दुर्मीळतेचा. मी अडखळलो. फ्राउ डॉर्श चष्मा लावून वाकल्या. “तिथे काय लिहायचं असतं?”

“दुर्मीळ आहे की नाही. हे... सर्वसाधारण आहे.” मला फार लाज वाटली.

“बरोबर लिहा,” त्या म्हणाल्या. “ओट्टोही तसाच होता. एकेचाळीसच्या त्या एका आठवड्यात काय झालं होतं कोण जाणे. एरवी त्रेचाळीस वर्षं मी त्याला डबा भरून दिला आणि तो कांदा काढून टाकायचा.” आणि त्यांनी क्रॉस पर्समध्ये चाव्यांशेजारी टाकला.

सहीसाठी मी कागद आणि पट्टी हेर लेर्ख यांच्यापुढे सरकवली. त्यांनी दोन्ही परत सरकवलं.

“बघितलं कोणी?”

“मी.”

“मग?”

“मी डिप्लोमासुद्धा पुरा केलेला नाही. माझ्याकडे काहीच कागद नाही.”

“हा कागद आहे की.”

मी सही केली. मराठीत नाही, इथल्या अक्षरांत, शक्य तितकी वाचता येईल अशी. ते म्हणाले, वाचून दाखवा. मी पहिल्या ओळीपासून वाचलं. शेवटी सहीपाशी आलो तेव्हा त्यांनी हात वर केला.

“हे हळू. पूर्ण नाव. मला लोकांना नीट सांगता यायला हवं.”

“शिरीष दत्तात्रय वाईंगडे.”

त्यांनी म्हणून बघितलं. चुकलं. पुन्हा म्हटलं, पुन्हा चुकलं. फ्राउ डॉर्श यांना दुसऱ्याच वेळी जमलं, त्यावरून दोघांची जुंपली. तोवर दारावरची घंटा वाजली, पत्र मिळालेले एक गृहस्थ हातात पेटी घेऊन आत आले. हेर लेर्ख उठून उभे राहिले, कोटाचं बटण लावलं, त्यांच्या कानाच्या रोखाने बघितलं आणि एकेक अक्षर सावकाश उच्चारत माझं पूर्ण नाव सांगून म्हणाले, तुमची वस्तू हे बघतील.

दत्तात्रय जरा चुकला. मी दुरुस्त केला नाही.